धबधब्याला निघताय? आधी परतीचा ओढा बघा

पाऊस लागला की वाचकांचे तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. देवकुंडला जुलैत जाता येईल का? बंदी आहे म्हणतात, पण गेल्या रविवारी आमचे मित्र जाऊन आले, मग आम्ही का जायचं नाही? ऑक्टोबरात धबधब्याला पाणी उरतं का? बरोबर लहान मुलं आणि आई-वडील असतील तर कुठे जावं? गाईड घ्यावाच लागतो का?

या सगळ्या प्रश्नांमागे एक समजूत आहे. धबधबा भरभरून कोसळत असतो तोच त्याच्याकडे जायचा काळ, असं आपण धरून चालतो. रस्त्यालगतच्या धबधब्यापुरतं ते खरं आहे. जंगलातून तास-दोन तास चालत जायचं असेल तर मात्र हिशेब बदलतो. ज्या पाण्याने कडा पांढराशुभ्र होतो, तेच पाणी खाली तुमची वाट दोन-तीन ठिकाणी आडवं कापून जातं. सकाळी घोट्याइतका असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत चढला, तर तुम्ही पलीकडे अडकता. म्हणून कधी जायचं, कुठे जायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे तिन्ही निर्णय परतीच्या ओढ्याकडे बघून घ्यावेत. ते कसे घ्यायचे, ते क्रमाने पाहू.

एकच वाट, महिन्यागणिक वेगळी

उदाहरणासाठी देवकुंड धबधब्याचीच वाट घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी भिरा हे गाव आहे. तिथून वाट आधी धरणाच्या जलाशयाच्या कडेने जाते, मग दाट झाडीत शिरते, ओढे ओलांडते आणि शेवटी मोठमोठ्या धोंड्यांमधून कुंडापाशी पोहोचते. जायला साधारण दोन-अडीच तास आणि यायला तेवढेच. सह्याद्रीतल्या बहुतेक धबधब्यांच्या वाटा थोड्याफार फरकाने अशाच असतात.

- मे अखेर ते जूनचा मध्य: वळवाचा आणि पहिल्या पावसाचा काळ. धबधब्याला पाणी नसतं किंवा जेमतेम धार असते. दुपारनंतर विजा पडतात. उन्हाळ्याची धूळ आणि पालापाचोळा भिजून कातळ अतिशय निसरडा होतो. ओढे कोरडे दिसतात, पण डोंगरावर एक जोरदार सर आली तरी पहिला लोंढा काटक्याकुटक्या घेऊन धाडकन खाली येतो. कोरड्या पात्रात जेवायला बसू नका, तंबू तर मुळीच ठोकू नका.
- जून अखेर ते ऑगस्ट: धबधबे पूर्ण भरलेले आणि जंगलवाटा सर्वांत धोकादायक. घाटमाथ्यावर पाऊस दिवसदिवस थांबत नाही. या काळात ओढे ओलांडाव्या लागणाऱ्या वाटा सोडा आणि लांबून दिसणारे धबधबे निवडा. साताऱ्याजवळ ठोसेघरला पाहण्यासाठी गॅलरी बांधलेली आहे. चिपळूणजवळचा सवतसडा आणि आंबोली घाटातला मुख्य धबधबा रस्त्यावरूनच दिसतात.
- सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य: जंगलवाटेने धबधब्याला जाण्याचा उत्तम काळ. पाणी असतं, तरी ओढे बहुतेक दिवस आटोक्यात असतात. सोनकी, तेरडा फुललेला असतो. अडचणी दोन: परतीचा पाऊस दुपारी विजांसह कोसळतो आणि कमरेइतक्या वाढलेल्या गवतात पायवाट आणि सापही दिसत नाहीत. पहाटे निघा आणि दुपारी दोनच्या आत झाडीबाहेर पडा.
- ऑक्टोबर अखेर ते जानेवारी: धार बारीक होते, पण पाणी नितळ असतं आणि वाट मोकळी. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी आणि मुलांना नेणाऱ्यांनी हाच काळ निवडावा. दिवस लहान असतो. दरीत सूर्य लवकर मावळतो, हे धरूनच वेळ आखा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा.
- फेब्रुवारी ते मे: बहुतेक धबधबे आटतात. ऊन, पाण्याची टंचाई आणि वणवे हे धोके असतात. या काळात धबधब्यासाठी म्हणून जाऊ नका.

बंदी आहे का, हे कसं कळणार?

"मित्र जाऊन आले" हा पुरावा नव्हे. वाट कोणाच्या हद्दीत आहे त्यावर नियम ठरतात आणि ते दर वर्षी, कधी कधी दर आठवड्याला बदलतात.

- जिल्हा प्रशासनाचे आदेश: पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोक्याच्या धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश काढतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली होत असे. 1 जुलै 2024 पासून त्याजागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आलं आहे. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आदेशात तारखा आणि ठिकाणं दिलेली असतात. ती मुळातून वाचा, कारण काही आदेश फक्त पाण्यात उतरायला मनाई करतात, तर काही त्या परिसरात जायलाच.
- अभयारण्य: भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना अशा अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 लागू आहे. परवानगीशिवाय आत जाणं हा गुन्हा ठरतो. वन विभाग पावसाळ्यात काही वाटा आणि धबधबे बंद ठेवतो. महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर चौकशी करा.
- रेल्वेची हद्द: गोव्याचा दूधसागर भगवान महावीर अभयारण्यात आहे आणि रेल्वेमार्ग त्याच्या अगदी समोरून जातो. पावसाळ्यात रुळांवरून चालत तिथे जाणाऱ्यांना अडवलं जातं. रेल्वे अधिनियमाच्या कलम 147 नुसार रुळांवर विनापरवाना फिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पावसाळा संपल्यावर कुळे इथून जीपने जायची सोय सुरू होते, तेव्हा जा. पावसाळ्यातला दूधसागर गाडीच्या खिडकीतूनही दिसतो.
- गावाचा निर्णय: पायथ्याची ग्रामपंचायत किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समिती शुल्क घेते, वेळा ठरवते, कधी वाट बंदही करते. आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा. ओढा काल किती होता, हे सर्वांत खात्रीने तीच माणसं सांगू शकतात.

बंदी असताना आडवाटेने जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. अडकलात तर तुम्हाला काढायला गावातलीच मुलं आणि बचाव पथकातले स्वयंसेवक त्याच पाण्यात उतरतात. तेव्हा त्यांचाही जीव तुम्ही पणाला लावलेला असतो.

हवामानाचा अंदाज कसा वाचायचा?

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार पाऊस मानला जातो. हे आकडे वाचताना तीन चुका होतात.

1. आपल्या शहराचा अंदाज बघणं. पाहायचा असतो तो धबधब्याच्या वरच्या अंगाचा, म्हणजे घाटमाथ्याचा. देवकुंड रायगडात आहे, पण त्याच्या वर ताम्हिणीचा मुलूख आहे, आणि तो महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या भागांपैकी आहे. खाली लख्ख ऊन असताना वरच्या पावसाचा लोंढा येऊ शकतो.
2. फक्त त्या दिवसाचा अंदाज बघणं. आधीचे दोन-तीन दिवस भरपूर पाऊस झाला असेल तर जमीन तुडुंब भिजलेली असते. मग साधी सरही जिरत नाही, थेट ओढ्यात येते. दरडीही अशाच वेळी सुटतात.
3. विजांकडे दुर्लक्ष करणं. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळ ठेवा. गडगडाट ऐकू आला की उघडा माळ, डोंगराची धार आणि एकटं झाड सोडून खाली उतरा.

नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द करा. पिवळा असेल तर ओढा नसलेली वाट निवडा.

ओढा ओलांडताना

धबधब्याच्या वाटेवरचा हा सर्वांत मोठा धोका असल्यामुळे इथे जरा थांबू.

जाताना पहिल्या ओढ्यापाशी पोहोचलात की लगेच पाय टाकू नका. पाणी जिथे काठाला टेकतं, नेमक्या त्या रेघेवर मुठीएवढा दगड ठेवा आणि दहा मिनिटं बसा. दगडाचा खालचा भाग भिजू लागला तर पाणी चढतंय. रेघ होती तिथेच राहिली तरी पाण्याचा रंग बघा. नितळ पाणी चहासारखं तांबूस होऊ लागलं, त्यात ताजी हिरवी पानं आणि काड्या वाहताना दिसू लागल्या, किंवा पाण्याचा आवाज जड झाला, तर वर पाऊस कोसळतोय. तिथूनच मागे फिरा. पलीकडे असाल आणि पाणी अजून उतारालायक असेल तर धबधबा सोडून ताबडतोब अलीकडे या.

पाणी स्थिर असेल तर असं ओलांडा:

- पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका. वेग जास्त असेल तर गुडघ्याइतकं पाणीही माणसाला पाडतं.
- पात्र रुंद आणि पाणी पसरट असेल तिथून जा. अरुंद जागी पाणी खोल असतं आणि त्याला ओढ असते. खाली लगेच उतार, डोह किंवा धबधबा असेल तर ती जागा सोडा.
- बूट काढू नका. अनवाणी पाय दगडाच्या फटीत अडकतो आणि कापतो.
- सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा. पडलात तर ती चटकन झटकता आली पाहिजे.
- तोंड पाणी येतं त्या दिशेला ठेवा, काठी पुढे रोवा आणि आडवे, एक-एक पाऊल सरकत जा. एका वेळी पाय किंवा काठी यांपैकी एकच उचला.
- ग्रुप असेल तर तिघे-चौघे एकमेकांचे खांदे धरून गोल करून चला. सर्वांत धिप्पाड माणूस वरच्या अंगाला असू द्या.
- दोर कमरेला बांधू नका. माणूस पडला की दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.
- ओलांडत असताना फोटो नाही, हाका नाहीत, मागे वळून बघणं नाही.

आणि पाणी चढून तुम्ही पलीकडे अडकलात, तर थांबा. काठापासून दूर, उंचावर, दरडीच्या वाटेत नसलेली जागा शोधा आणि अंगावर कोरडे कपडे चढवा. डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी पाऊस थांबल्यावर अनेकदा काही तासांत ओसरतं. रात्र तिथेच काढावी लागली तरी माणूस जगतो. उतावीळपणे उतरलेले वाहून जातात.

पाण्याच्या मध्यभागी खडकावर उभं राहणं किती जिवावर बेतू शकतं, हे 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात सगळ्यांनी पाहिलं. पाणी अचानक वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत मुलंही होती. ते पोहायला उतरले नव्हते. वाढत्या पाण्यात एकमेकांना धरून उभे होते आणि काठापर्यंत यायला वाट उरली नाही.

धबधब्यापाशी काय करायचं, काय नाही

- कोसळत्या धारेखाली उभे राहू नका. पाण्याबरोबर वरून दगडही येतात.
- कुंडात पोहू नका. धारेच्या मुळाशी पाणी खाली ओढतं. कातळात रांजणखळगे असतात, त्यांची खोली वरून कळत नाही.
- हिरवा आणि काळा चकचकीत कातळ म्हणजे शेवाळ. त्यावर पाय देऊ नका.
- कड्याच्या माथ्यावरून धबधबा बघायचा असेल तर टोकापासून चांगले लांब, मागेच बसा. नाणेघाटातला उलटा उडणारा धबधबा ज्या वाऱ्याने तयार होतो, तोच वारा माणसाचाही तोल घालवतो.
- तासाभरात निघा. निघण्याची वेळ आधीच ठरवा आणि ती पाळायची जबाबदारी एकावर सोपवा.
- दारू आणि काचेच्या बाटल्या नकोत. कचरा परत आणा. भातखाचरांचे बांध तुडवू नका, ती कुणाची तरी वर्षाची भाकरी असते.

सॅकमध्ये काय असावं?

- खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट पायात. चपला, गमबूट, गुळगुळीत झिजलेले बूट नकोत.
- पटकन वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही.
- रेनकोट. सॅकच्या आत मोठी प्लास्टिक पिशवी आणि तिच्यात कोरडे कपडे. घाटातल्या वाऱ्यात ओल्या अंगाने थंडी भरते. माणूस कुडकुडू लागला, बरळू लागला तर आधी कपडे बदला.
- टॉर्च, शिट्टी, काठी, प्रथमोपचाराची पिशवी, ओआरएस.
- पावसाळ्यात दोन लिटर पाणी, ऑक्टोबरच्या उन्हात तीन.
- भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, लाडू. शिवाय एक वेळचं जास्तीचं खाणं.
- मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय उघडणारा नकाशा. रेंज जंगलात जातेच.

घरी एका माणसाला सांगून निघा: कुठे चाललात, बरोबर कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यायचा.

गाईड, ग्रुप आणि तुमचे हक्क

पावसाळ्यात आणि गवत वाढलेलं असताना गावातला वाटाड्या घ्याच, सक्ती असो वा नसो. पैसे, वेळ आणि कुठपर्यंत येणार हे आधी बोलून घ्या. त्याने "आज पुढे नको" म्हटलं तर हुज्जत घालू नका आणि ठरलेले पैसे पूर्ण द्या. मागे फिरवल्याबद्दल पैसे कापले गेले, तर पुढच्या वेळी तो धोका पत्करून पुढे नेईल.

पैसे भरून ग्रुपबरोबर जात असाल तर हे विचारा:

1. आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे ती अपेक्षित आहे.
2. किती माणसांमागे किती लीडर, आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणी घेतलंय?
3. विमा आहे का, आणि त्यात काय येतं?
4. बंदी किंवा पावसामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळणार की पुढची तारीख? हे लेखी घ्या.

शुल्काची पावती मागणं हा तुमचा हक्क आहे. ठरलेली सेवा दिली नाही किंवा सुरक्षेत हयगय झाली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पावत्या, मेसेज, जाहिरातीचे फोटो जपून ठेवा. आणि लीडर सांगतोय म्हणून चढलेल्या पाण्यात उतरायलाच हवं असं नाही. "मी इथेच थांबते" असं कोणीही, कधीही म्हणू शकतं, आणि त्या माणसाला एकटं सोडून पुढे जाता येत नाही.

काही झालंच तर

- वाट चुकली: आठवतं त्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. नाही जमलं तर एकत्र थांबा. ओढ्याच्या कडेने खाली उतरू नका, पुढे कडा निघतो. शिट्टीचे मिनिटात सहा आवाज, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. हा मदतीचा सर्वमान्य इशारा आहे.
- सर्पदंश: चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठी आणि घड्याळ काढा. कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. माणसाला चालवू नका, उचलून न्या. जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचवा.
- मधमाश्या उठल्या: हातवारे न करता तोंड झाकून लांब पळा.
- फोन: आपत्कालीन मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077. ठिकाण, जखमींची संख्या आणि ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहात, हे आधी सांगा.

परत आल्यावर अंग नीट तपासा. जळवा आणि गोचीड लागलेले असतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ओढ्यात उतरलो होतो, गवतातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यातून होऊ शकणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या आजारांवर वेळेत औषध मिळालं तर ते बरे होतात.

शेवटी, निघायच्या आदल्या रात्री

हे पाच प्रश्न स्वतःला विचारा:

1. वाटेवर बंदी नाही, हे मी अधिकृत ठिकाणी तपासलं आहे का?
2. घाटमाथ्यावर गेले तीन दिवस किती पाऊस झाला, हे मला माहीत आहे का?
3. वाटेत किती ओढे आहेत आणि काल ते किती होते, हे गावात विचारलं का?
4. ग्रुपमधला सर्वांत अशक्त माणूस अंधार पडायच्या दोन तास आधी परत पोहोचेल का?
5. अर्ध्यातून फिरायची वेळ आली तर फिरायला सगळे तयार आहेत का?

एकाचंही उत्तर "नाही" असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका. सप्टेंबरच्या अखेरीस एखादा उघडीप असलेला दिवस बघा किंवा नोव्हेंबरात जा. पाणी कमी असेल, पण कुंडाच्या काठी निवांत बसता येईल, मुलांना बरोबर नेता येईल आणि दिवसाउजेडी घरी परतता येईल.